अकरा फॉरवर्ड

भिंगारच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावे लागे. यंत्राला धूळ चालत नाही, असे क्लासचे सर सांगत. पण दसऱ्याला त्याच यंत्राच्या काचेवर ओले कुंकू लावताना त्यांना या नियमाची आठवण होत नसे. आत एसीचा शिळा गारवा आणि त्यात मुरलेला मोज्यांचा वास. मोडेम फोनला जोडला की आधी शीळ, मग खरखर, मग पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज येई, आणि तेवढा वेळ सगळे जण आरतीला उभे असल्यासारखे गप्प राहत. नव्वदचे दशक संपत आले होते, आणि सरांच्या भाषेत भिंगार जगाला जोडले जात होते. जोडले जात होते ते फुटबॉलच्या एका खेळापुरते.

खेळ असा. पुण्याचे एक गृहस्थ आपल्या कॉम्प्युटरवर लीग चालवत. गावोगावच्या संघांनी अकरा नावे, प्रत्येकाची मैदानावरची जागा आणि एक राखीव खेळाडू ई-मेलने कळवायचा. सामना तिकडचा प्रोग्राम खेळे. रविवारी निकाल येई. हंगाम सुरू झाल्यावर यादी बदलता येत नसे. राखीव खेळाडूने स्वतःच्या ई-मेलवरून होकार कळवला, तरच त्याला आत घेऊन जागा नव्याने मांडता येत. आमच्या क्लासचाही एक संघ होता. नावे यांची, पाय कोणाचेच नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे कॅन्टोन्मेंटचे मैदान रोज संध्याकाळी तांबूस होऊन पडलेले असे. तिकडे यांच्यापैकी कोणी फिरकल्याचे मला आठवत नाही.

माझ्या धाकट्या भावाला मात्र त्या अकरांत आपले नाव हवे होते. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, आणि इतरांसारखीच वर्गणी भरून त्या खोलीत बसत होता. जेवताना घास हातात तसाच राही आणि तो म्हणे, "ताई, पुण्या-मुंबईचे लोक आपलं नाव वाचतील." या हव्यासाचा मला राग येई. पण ते बोलताना त्याचा चेहरा इतका उजळे, की राग बोलून दाखवणे मला कधी जमले नाही.

हंगामाआधी प्रत्येक संघाला आपल्या खेळाडूंचा परिचय लिहून सगळ्या संघांना पाठवावा लागे. मी मराठीत एम. ए. केले आहे, कविता लिहिते, हे सरांच्या कानावर गेले आणि त्यांनी मला बोलावून घेतले.

"मॅडम, असं लिहा की वाचनाराच्या अंगावर काटा आला पायजे."

मी म्हटले, लिहीन. पण भाऊ अकरांत असला पाहिजे.

"हे काय सांगायचं झालं? आपलाच पोरगा हाय तो."

यादी ठरली तेव्हा मी तिथे होते. लग्नमंडपात मानाचे फेटे बांधायला माईकवरून नावे पुकारतात, त्याच क्रमाने ती ठरली. पहिले नाव सोनईकडच्या एका बागाईतदाराच्या मुलाचे. नवी गाडी दाराशी उभी करून तो आत येई. मग सर स्वतः, मग त्यांचे मेहुणे, मग ज्याच्या त्याच्या घराण्याच्या वजनाप्रमाणे. जागा विचारली की जो तो 'फॉरवर्ड' म्हणे. मागे राहणे म्हणजे पंगतीत दाराजवळचे पान मिळणे, अशी त्यांची समजूत. अशा रीतीने अकरा फॉरवर्ड झाले. माझ्या भावाचे नाव बाराव्या ओळीत आले.

"सर, मी राखीव?" त्याने विचारले.

मेहुणे हसून म्हणाले, "आरं, तुमास्नी तर राखीवची सवय हाय की!"

सगळी खोली हसली. आम्ही बौद्ध आहोत, हे तिथे कुणाला सांगावे लागत नव्हते. भाऊसुद्धा हसला, आणि ते हसू मला त्या सगळ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त बोचले.

मी सरांना विचारले, "गोलकीपर कोण?"

"ते कॉम्प्युटर बघतं, मॅडम. तुमी तुमचं लिवा."

मी कागदांची घडी घालून उठले. भाऊ दारापर्यंत मागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, दे त्यांना लिहून. राखीवलासुद्धा कधीतरी घेतात आत." त्याच्यासाठी मी परत बसले.

मग विशेषणांवरून भांडण जुंपले. बागाईतदाराच्या मुलाला मी वाघ म्हटले होते. "त्याला वाघ, अन् मला नुसतं चपळ?" असे मेहुण्यांनी विचारले, त्यांना मी चित्ता केले. दुसऱ्याला चित्त्याच्या खालचे काही नको होते, म्हणून गरुड आणला. वृत्त, यमक आणि शब्दांची पारख यांत घालवलेली माझी वर्षे त्या दुपारी प्राणिसंग्रहालयाच्या रखवालीला लागली. त्यात मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची होती, म्हणजे 'ळ'चा सारा ओलावा आधीच गेलेला. शेवटी मी लिहिले : 'या संघाच्या गोलात वारा उभा असतो.' सर म्हणाले, "वा! काय कल्पना हाय!" आणि मेल गेला.

पहिल्या रविवारी निकाल आला. गोलकीपर नेमला नसेल तर यादीतले पहिले नाव गोलात उभे करायचे, असा त्या प्रोग्रामचा नियम होता. म्हणजे सर्वांत मोठा मान गोलात उभा राहिला आणि गोलांवर गोल खात राहिला. इतर संघांच्या मेलमध्ये 'वाघ पिंजऱ्यात' अशी थट्टा सुरू झाली. बागाईतदाराच्या मुलाने क्लासला येणे बंद केले.

त्याच आठवड्यात सर आमच्या क्वार्टरमध्ये आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात त्यांनी चपला काढल्या नाहीत. आईने खुर्ची पुसून दिली, आले घालून चहा केला आणि ठेवणीतल्या कपात आणला.

"चहा आत्ताच झाला बघा," असे म्हणून त्यांनी कप टेबलावर बोटभर मागे सारला. मग ते भावाकडे वळले. "अकरांत घेतो तुला. एक होकार टाकायचा तुझ्या मेलवरनं. नाव येनार तुझं समद्यांकडं."

भाऊ खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला. त्याला ते किती हवे होते, हे मला त्याच्या गुडघ्यांवरून दिसत होते.

"कुठल्या जागी, सर?"

"गोलात. कुनीतरी उभं राहायला पायजेच ना तिथं."

"अन् फॉरवर्डला?"

"तिथं मोठ्या घरची मानसं हायेत, बाळा. तू समजून घे."

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. चहावर साय धरत होती. आल्याचा वास खोलीभर होता. भावाने एकदा त्या कपाकडे पाहिले, मग सरांच्या पायांतल्या चपलांकडे, आणि म्हणाला, "नाही जमणार, सर."

"आरं, विचार तर कर!"

"केला."

सर उठून गेले. जिना उतरताना त्यांच्या चपला फटाफट वाजत होत्या. भावाने टेबलावरचा कप ओढून घेतला, बोटाने साय बाजूला केली आणि तो निवलेला चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. मग आईला म्हणाला, "साखर कमी पडली आज."