हात हलला की आवाज बंद

नगरला माळीवाड्याच्या स्टँडमागे, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या गाळ्यात मी कॉम्प्युटर शिकवायचो. शिकवायचो हा शब्द जरा मोठा आहे. मी पोरांच्या एक धडा पुढे असायचो, इतकंच. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि एखादा नवा शब्द हाताशी आला की तो आधी पाटीवर जायचा आणि मागाहून माझ्या डोक्यात. 'मल्टिमीडिया' हा शब्द तसाच पाटीवर गेला. पेंटरनं अर्थ विचारला. मी म्हणालो, चित्र, आवाज, मजकूर, सगळं एकाच पडद्यावर. तो ब्रश न थांबवता म्हणाला, "म्हणजे टीव्हीच की." मी त्याची कीव केली.

वेबची पानं ज्या खुणांनी लिहितात त्या मी एका मासिकातून शिकलो होतो, आणि उरलेल्या दुसऱ्यांची पानं उघडून, त्यांच्या पोटात डोकावून. खूण उघडायची, मजकूर लिहायचा, खूण मिटायची. हे सोपं होतं, म्हणून मला ते लवकरच कमीपणाचं वाटायला लागलं. मग मी स्क्रिप्टच्या नादी लागलो. पानात चार ओळी जास्त घातल्या की पान जागं व्हायचं. माउसचा बाण चित्रावर नेला की काहीतरी घडायचं, बाण काढला की थांबायचं. एका साखर कारखान्याच्या सीडीत मी अशी सोय केली होती की चेअरमनसाहेबांच्या फोटोवर बाण गेला की गंभीर फोटोच्या जागी हसरा फोटो यायचा. साहेबांनी तो खेळ पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. माझं खरं नुकसान तिथं झालं.

असा मी हवेत असताना शेवगावकडचे एक प्राथमिक शिक्षक गाळ्यात आले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या पिशवीत चौकटीतला एक फोटो होता आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट. वडील शाहीर होते. पाथर्डीच्या पलीकडच्या गावातले, आंबेडकरी जलशातून गायचे. ऊसतोडीला जायचे तेव्हा कारखान्याच्या तळावरही गायचे. वारून वर्ष होत आलं होतं.

कॅसेटची हकीकत गुरुजींनी सावकाश सांगितली. घोडेगावकडच्या एका कार्यक्रमात कुणीतरी टेप लावून ठेवला होता, ती कॅसेट वडील गेल्यावर यांच्या हाती आली. शाहिरांचा आवाज असलेली दुसरी कॅसेट नव्हती. घरी ती लावली तर पहिलं कडवं झालं आणि मशीननं फीत गिळली.

"सर, मला बाकी काही नको," गुरुजी म्हणाले. "आईला ते गाणं शेवटपर्यंत ऐकवायचंय."

त्यामागची गोष्ट अशी होती. शाहीर शाळेत गेलेले नव्हते. आई चौथी शिकलेली. लग्नानंतर ऊसतोडीच्या दिवसांत, तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तिनं नवऱ्याला अक्षरं शिकवली. शाहीर मोठे झाले, हार पडले, आणि दर कार्यक्रमात ते अभिमानानं सांगू लागले की मी कुणाकडे शिकलो नाही, माझा मीच शिकलो. आई पुढच्याच रांगेत बसून हे ऐकायची. यावरून दोघांची आयुष्यभर जुंपली. आता शाहिरांची एक पद्धत होती. त्यांचं ठरलेलं गाणं सगळीकडे तेच असायचं, पण शेवटचं कडवं ते जागेवर रचायचे, त्या गावाला आणि त्या दिवसाला धरून. घोडेगावच्या त्या कार्यक्रमाला आई नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आणि शाहिरांचे ढोलकीवाले साथीदार शपथेवर सांगत होते की त्या दिवशी शेवटच्या कडव्यात त्यानं कबूल केलं.

"आईचा विश्वास बसत नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणते, ते आणि कबूल करत्यात? त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी न्हाई इश्वास ठेवायची."

आम्ही फीत चिकटवली, टेप कॉम्प्युटरला जोडला आणि गाणं आत घेतलं. फीत तेवढ्यापुरती टिकली, नंतर जी तुटली ती तुटलीच. पण गाणं आत आलं होतं. शेवटचं कडवं लागलं तेव्हा गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना म्हणालो, घरी जाऊन आईला सांगून टाका. त्यांनी मान हलवली. नाही, ते म्हणाले, तिनं त्यांच्याकडूनच ऐकावं.

इथं कुणीही शहाणा माणूस गाणं नव्या कॅसेटवर उतरवून मोकळा झाला असता. पण माझ्या पाटीवर मल्टिमीडिया लिहिलेलं होतं. मी गुरुजींना पटवलं की नुसतं गाणं काय, आपण सीडी करू. फोटो, माहिती, गाण्याचे शब्द. स्मृतिदिनाला गावासमोर पडद्यावर लावू. ते भले गृहस्थ, हो म्हणाले. मी चौकटीतून फोटो काढला, स्कॅन केला, कडेला थोडी जागा सोडून पडद्याच्या मधोमध बसवला आणि त्याला माझी लाडकी स्क्रिप्ट जोडली. बाण फोटोवर गेला की शाहीर गाऊ लागणार, बाण फोटोवरून हटला की गप्प होणार. पुन्हा नेला की पहिल्यापासून. मला ते फार काव्यमय वाटलं होतं. स्पर्श केला की बोलणारा माणूस, वगैरे. पुण्याहून सीडी लिहून आणली. सीडीवर एकदा लिहिलं की खोडता येत नाही, याचा मला त्या वेळी अभिमानच वाटला.

स्मृतिदिनाला पाथर्डीतल्या एका क्लासवाल्या मित्राचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपनं गावात नेला. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका टेबलावर तथागतांची मूर्ती, मेणबत्त्या. शेजारच्या टेबलावर पांढरं कापड घालून शाहिरांच्या फोटोसाठी जागा केलेली. गुरुजींनी माझ्याकडे हात पुढे केला. फोटो?

फोटो नगरला होता. स्कॅनरच्या झाकणाखाली पालथा. मी रिकामी चौकट तेवढी आठवणीनं आणली होती.

 गुरुजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, आणि म्हणाले, मग हाच ठेवू फोटोच्या जागी. झालं. पांढऱ्या कापडावर कॉम्प्युटर बसला, पडद्यावर शाहीर आले, आणि आईनं स्वतः पुढे येऊन मॉनिटरला हार घातला. ठेंगणी, काटक बाई, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. हार नीट बसेना म्हणून तिनं तो मागून ताणून घेतला. मी इतका ओशाळलो होतो की बाण कुठं आहे हेही पाहिलं नाही.

त्रिशरण, पंचशील झालं. मग बौद्धाचार्यांनी सांगितलं, आता एकेकानं पुष्प अर्पण करावं. मला या विधीची काहीच माहिती नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती. माझ्या डोक्यात लोक खुर्च्यांवर बसणार, मी माउस फिरवणार आणि टाळ्या. इथं अख्खं गाव रांगेनं त्या डुगडुगत्या टेबलाकडे निघालं.

पहिल्या म्हाताऱ्यानं फुलं ठेवली, हात टेकून नमस्कार केला. टेबल हललं, माउस सरकला, बाण फोटोवर गेला आणि शाहीर गायला लागले. "उजाडलं गं, कवाड उघड..." म्हातारा दचकून मागे झाला, त्याच्या हाताचा धक्का लागला, आवाज बंद. सभेत श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. पुढची बाई आली, फुलं ठेवली. "उजाडलं गं..." बंद. पुढचा आला. "उजाडलं..." बंद. दर वेळी तीच ओळ, दर वेळी अर्ध्यावर कापलेली. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. एक लहान पोर आजोबा आत बसलेत का म्हणून विचारायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं. मी हसू शकत नव्हतो. आजही ही गोष्ट सांगताना लोक इथं हसतात, मी त्यांना हसू देतो, पण त्या समाजमंदिरात कुणी हसलं नव्हतं.

रांगेत ढोलकीवाले आले. फुलं ठेवली, आवाज सुरू झाला, तुटला. ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, जित्तेपनी ह्याला कुनी मधी थांबवलं न्हाई. पाटलाला जमलं न्हाई, पोलिसाला जमलं न्हाई. तुमी करून दावलं."

रांग थांबवली. मी माउसपाशी बसलो. पान सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून स्क्रिप्टच्या ओळी खोडाव्यात तर तेवढा वेळ पडद्यावरून शाहीर जाणार आणि हार नुसत्या अक्षरांना राहणार, ते करायला मी धजेना. म्हणून मी बाण फोटोवर नेला आणि हात स्थिर धरला. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात माझा घामेजला हात थरथरला आणि शाहीर गप्प. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थरथर.

गाण्याची फाईल सीडीवर सुटी पडलेली होती. ती सरळ उघडली असती तर कोपऱ्यात एक छोटी चौकट आली असती, शाहीर जागेवर राहिले असते आणि गाणं आपोआप शेवटपर्यंत वाजलं असतं. ना खूण लागली असती, ना स्क्रिप्ट. हे मला परतीच्या जीपमध्ये, करंजीच्या घाटात सुचलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या शहाणपणाला जागा नाही.

आई उठून आली. माझ्याजवळ उभी राहून तिनं विचारलं, "ह्यो उंदीर हालला की त्यांचा आवाज बंद व्हतो?"

मी म्हणालो, हो आई.

"सरका. मी धरते."

मी तिचा हात माउसवर ठेवला, बाण फोटोच्या मधोमध आणला आणि सांगितलं की आता अजिबात हलवायचा नाही. ती म्हणाली, आयुष्यभर कोयता धरलाय. मग ती पडद्याकडे पाहत बसली. उजवा हात माउसवर, डावा मांडीवर. गाणं सुरू झालं.

गाणं लांब होतं. शाहीर कवाड उघडायला सांगत होते, पाटी घ्यायला सांगत होते, गावाला, वस्तीला, लेकीबाळींना. लोक माना डोलवत होते, पण ठेका धरायला कुणी हात उचलला नाही. टेबल हलेल म्हणून पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकून बसली होती. तिचा हात दगडासारखा होता. मनगटाच्या शिरा वर आलेल्या दिसत होत्या. मध्ये एक माशी तिच्या बोटांवर बसली, फिरली, उडाली. बोट हललं नाही.

मग ढोलकी थांबली आणि शेवटचं कडवं आलं. कॅसेटमध्ये शाहीर खाकरले. नुसत्या तुणतुण्यावर, गाण्यापेक्षा बोलल्यासारखे म्हणाले,

"कोपीत बसून, पाटी पुसून, धरला तिनं माझा हात,
पहिलं अक्षर तिनं गिरवलं, मी मिरवलं गावात."

आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, भर सभेत. ते मी इथं लिहीत नाही.

गुरुजी दाराशी उभे होते, त्यांनी दाराची चौकट धरली. आईच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.  मग तिनं माउसवरचा हात उचलला, बाण ढकलला गेला, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. आवाज थांबला. अजून धृपद राहिलं होतं.

मी घाईनं पुढे झालो. म्हणालो, आई, पुन्हा पहिल्यापासून लावतो, शेवट राहिलाय.

"असू द्या," ती म्हणाली. "त्यांचं सांगून झालं."

ढोलकीवाल्यांनी मांडीवर थाप दिली. राहिलेलं धृपद त्यांनीच उचललं, मग मागच्या बायकांनी, मग सगळ्यांनी. आई गात नव्हती. तिनं टेबलावरची सांडलेली फुलं एकेक करून गोळा केली, पडद्यासमोर ठेवली, आणि कॉम्प्युटरवरचा सरकलेला हार सरळ केला.