शून्य तासांचा रकाना

त्या उन्हाळ्यात माझं कुठंच मन लागत नव्हतं. नागपूरच्या एका कॉलेजात कितीतरी वर्षं मी अर्थशास्त्र शिकवत होते. मागणी-पुरवठ्याच्या त्याच रेघा फळ्यावर ओढून हात आंबला होता. तेवढ्यात पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचं एक प्रशिक्षण झालं आणि त्यातून लहानसं संशोधनाचं काम पदरात पडलं. उन्हामुळे कामगारांचं किती काम बुडतं, ते मोजायचं होतं. शहर आणि आसपासच्या भागासाठी उष्णतेपासून बचावाचा सरकारी आराखडा होणार होता, त्यासाठी ते हवं होतं आणि असलं मोजणारं माणूस इथं सापडत नव्हतं. दरवेळी कोणी बाहेरून येई, चार दिवस फिरे आणि अहवाल देऊन जाई. हे इथल्याच पोरींना यावं, असं मला फार वाटायचं.

एम.ए.च्या चार मुली घेतल्या. जागा निवडली नागपूरजवळची कामठी. माझ्या वडिलांनी तिथं हयातभर यंत्रमाग चालवला होता, त्यामुळे गल्ल्या ओळखीच्या होत्या. महिनाभर बसून प्रश्नावली केली, दहादा खोडली. भर मे महिन्यात मुली शेअर ऑटोनं जाऊन आठवडाभर मागांवरच्या कामगारांकडून ती भरून घेत होत्या. कागद हातात आले आणि मी पानं उलटू लागले. ‘उन्हामुळे गेल्या आठवड्यात किती तास काम बुडाले?’ त्या रकान्यात शून्य. पुढच्या पानावर शून्य. पानामागून पान तेच.

“नीट विचारलं होतं ना?” माझा आवाज चढला.

“विचारलं ना मॅम,” कामठीचीच एक मुलगी होती, ती म्हणाली. “एक मावशी तर हसलीच. म्हणे, उन्हात तू फिरून राहिली, अन् ऊन लागते का म्हणून मलेच विचारतं?”

आमच्या मार्गदर्शक दिल्लीला असत. त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आकडे खोटे नसतील, प्रश्न चुकला असेल. तिथं जाऊन बसा. कागद नेऊ नका.

मला ते लागलं. महिनाभराची मेहनत, आणि प्रश्नच चुकला? तरी दुसऱ्या दिवशी त्या कामठीच्या मुलीला घेऊन मी गेले.

त्या हसलेल्या मावशी यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात बसून सूत गुंडाळून कांड्या भरत होत्या. धागा तुटतो म्हणून पंखा बंद. खटखटाटात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. मी अर्धा तास नुसती बसून राहिले, तर साडी पाठीला चिकटली, ओठ कोरडे पडले. मी पिशवीतली बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“घ्या ना.”

“नाही जी. कामावर आली का मी सांजेलोक पाणी पेत नाही.”

आणि माझी पुस्तकी भाषा आपोआप गळून पडली. “काहून वं मावशी? इतक्या तपनीत?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मान वळवून, जरा चिडूनच म्हणाल्या, “पाणी पेलं का जावं लागते. इथं जावं कुठी? गडीमाणसाइचं बरं हाय, भिंतीमांगं जाते. म्हून सकाळी घोटभर पेतो अन् चालली.”

“त्रास नाही होत?”

“होते ना. जळजळ होते, ताप भरते. पण काम नाही बुडत.”

ते शेवटचं वाक्य त्यांनी अभिमानानं म्हटलं. काम बुडत नव्हतंच. ते बुडू नये म्हणून काय काय सोसतात, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

प्रश्नावली पुन्हा केली. पाणी किती वेळा पिता, कुठं जाता, कोणतं दुखणं निघालं. पुन्हा सगळ्यांकडे जायचं म्हटल्यावर नागपुरातल्या मनीषनगरची एक मुलगी घरचे नको म्हणतात म्हणून गळाली. मी तिला थांबवलं नाही, पण आठवडाभर मनात धुमसत राहिले.

पावसाळ्यानंतर आराखड्याची बैठक झाली. पाणी न पिण्यापासून दुखण्यांपर्यंत मी सगळं मांडलं. एक अधिकारी सौजन्यानं म्हणाले, “मॅडम, एक आकडा सांगा. वर तेवढंच वाचतात.”

एका ओळीत छान दिसेल असा आकडा काढता आला असता. पण आमची माहिती तेवढी भक्कम नव्हती. मी नाही म्हटलं आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. आराखड्यात शेवटी कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याची सोय करण्याची एक ओळ आली. स्त्रियांच्या संडासाची आली नाही. नुसतं पाणी ठेवून मावशी ते पिणार होत्या थोड्याच!

छापील प्रत हातात घेऊन मी स्टाफरूममध्ये बसले होते. कामठीची मुलगी आली, उभ्यानंच वाचली आणि म्हणाली, “मॅम, यात आपलंही चुकलं. आपण शेडच्या मालकाइले काही विचारलंच नाही. संडास काहून बांधत नाही, हे त्याइलेच माहीत असन ना.”

“आता सांगतेस?”

“आत्ताच सुचलं.”

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. तिनं वहीत प्रश्नही लिहून आणले होते. दोन अगदीच कच्चे होते, तिसरा मला कधी सुचला नसता. मी खुर्ची ओढून तिला बसायला लावलं आणि कच्चे प्रश्न का कच्चे, यावर आम्ही तासभर भांडलो.