गाडग्यात उरलेलं मटण

माझ्या धाकट्या बहिणीनं शेवटचं जे खाल्लं, त्याची तपासणी मीच केली. निजामाच्या राजवटीत मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात, रसायनांच्या खोलीत नोकरीला होतो. हैदराबादला शिकून आलो होतो, आणि त्या कामाला तिथं दुसरा माणूस नव्हता.

बहीण जवळच्याच झरी गावात दिलेली होती. तिच्या सासरी नवसाची कंदुरी झाली. पिराच्या नावानं बकरं कापून गावजेवण घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले आणि उजाडायच्या आत ती गेली. घरात बाकी कुणाला काही झालं नाही. वडील मातीला गेले ते तिथंच म्हणाले, की सासूनं तिला सोमल घातला. सासूसुनेचं पटत नव्हतं हे गावाला ठाऊक होतं. पाटलानं वर कळवलं, पोलिसांच्या अमीनसाहेबांनी सासूला चौकीवर बसवून घेतलं. तोवर माती होऊन गेली होती. चुलीमागं एक गाडगं सापडलं, तळाला थोडं मटण राहिलेलं. गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधून शिपायानं ते आमच्याकडे आणलं. बहीण गेल्याचं मला त्याच शिपायाकडून कळलं.

डॉक्टरसाहेबांनी मला बसायला सांगितलं. गाडगं हैदराबादला पाठवता येईल म्हणाले, पण या उन्हात तिथं पोचेपर्यंत त्याचं काय होईल ते तुम्ही जाणताच. मी करतो म्हणालो. जमेल का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. जमेल म्हणालो. मला काही वाटतच नव्हतं.

आधी विष पाहिलं. मटणाचा थोडा भाग आम्लात उकळत ठेवला आणि त्यात घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी सोडली. सोमल असला तर पट्टीवर काळा थर चढतो. खोलीभर मसाल्याचा वास झाला. तिनंच वाटला असेल, असं मनात आलं आणि तसंच निघून गेलं. पट्टी धुऊन खिडकीपाशी नेली. रंग जसाच्या तसा होता. खात्रीसाठी पुन्हा एकदा सगळं केलं, तरी तेच.

मग नासलेपण पाहिलं. मांस सडायला लागलं की त्यातून अमोनिया सुटतो, गंधकाचा वायू सुटतो. आम्लाच्या मिश्रणात बुडवलेली काचकांडी मटणाजवळ धरली, तर तिच्याभोवती पांढरा धूर झाला. शिशाचा क्षार लावलेला कागद गाडग्याच्या तोंडावर ठेवला. तो आधी तपकिरी आणि मग काळा पडत गेला. मी बघत उभा राहिलो.

निकालासाठी आलेले वडील बाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांना सांगितलं की विष निघालं नाही, मटण नासलेलं आहे. कंदुरीला सगळ्यांनी ताजं खाल्लं होतं, ती वाढण्यात होती, तिच्या वाट्याला ते दुसऱ्या दिवशी आलं असणार.

ते म्हणाले, "म्हंजी कुणीच मारलं न्हाई तिला?"

"विष न्हाई, आबा."

"तिनं खाल्लं तवाच नासलं व्हतं, का मागून गाडग्यात नासलं?"

हे सांगणारी तपासणी माझ्याजवळ नव्हती. धूर आणि कागद फक्त आजचं सांगतात. मी तसं म्हणालो.

"मग सोमल व्हता असं लिव. तू लिवल्यावर कोन इचारायलाय?"

"पट्टी साफ निघाली, आबा."

ते उठले आणि बैलगाडीत जाऊन बसले.

डॉक्टरसाहेबांनी माझ्या निकालावर सही केली आणि अमीनसाहेबांनी सासूला सोडलं. घरी जाण्याआधी ती दवाखान्यात आली. पायरीवर बसून राहिली, तेव्हा मीच बाहेर गेलो. चौकीवर राहून तिचा आवाज बसला होता.

"मीच म्हनले तिला," ती म्हणाली. "वास यायलाय म्हनत व्हती. मी म्हनले, लय नखरे नको करू, नवसाचं हाय, टाकू नको, खाऊन घे."

वडिलांना जे हवं होतं ते हेच होतं का, मला कळेना. राग येईल म्हणून थांबलो, तो आला नाही. तिला तांब्याभर पाणी आणून दिलं. ती प्याली, तांब्या पालथा घातला आणि झरीच्या वाटेला लागली.

पुढं वडील येत राहिले, कधी डोळ्यांच्या औषधाला, कधी नुसतेच. सासूचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. आमच्या घरी मटण शिजायचं मात्र बंद झालं. तसं कुणी ठरवलं नव्हतं.