बसायचं नाही

व्यायामशाळेसमोरच्या टपरीवर तीन आजोबा चहा पीत भांडत होते. आपल्या मिडलवेट चॅम्पियनची सगळ्यांत भारी लढत कोणती? मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण कान तिकडेच.

“पहिल्याच फेरीत समोरच्याला आडवा केला ती!”

“छे, भुवई फुटूनही जिंकला ती,” म्हणताना दुसऱ्या आजोबांचा हात स्वतःच्याच भुवईवर गेला.

काठी टेकून उभे असलेले तिसरे म्हणाले, “शेवटची. हरला ती. फेरी संपली तरी स्टुलावर बसेना. बसलो तर परत उठवणार नाही, हे त्याला कळलं होतं.”

दुसऱ्याच्या लढतीतून माणूस आपल्याला लागेल तेवढंच घरी नेत असावा.

मी बाकावर सरकून काठीवाल्या आजोबांना जागा दिली. ते हसून “नको” म्हणाले आणि उभेच राहिले.