'मले'ची चूक

हे मी आमच्या बोलीतच लिहिणार. ज्याले खटकंल त्यानं वाचू नये.

माही पोरगी घरी बोलायले लागली की थांबायचं नाव नाही. शाळेत मात्र तोंडाले कुलूप. पहिलीचं अर्धं वर्ष सरलं तरी वर्गात एक शब्द नाही. लोक म्हणे, लाडानं डोक्यावर बसली, दोन धपाटे द्या. धपाट्यानं कोणी बोलते काय?

खामगावच्या मानसोपचारवाल्या बाईनं मले नीट समजावलं. पोरगी हट्टी नाही, तिले भेव वाटते. गप्प राह्यलं की भेव टळते, म्हणून गप्प राहायचीच सवय लागली. ती हळूहळू मोडायची. आधी रिकाम्या वर्गात माह्यासंग बोलायचं, मग एखादी मैत्रीण जवळ असताना, मग मॅडम दारात उभ्या असताना. तोंडातून जे निघंल त्याले लगेच शाबासकी द्यायची, चूक काढायची नाही. हे सारं बाईनं पोरीच्या मॅडमलेही फोनवर सांगितलं. मॅडम "हो, हो" म्हणल्या.

सारा हिवाळा शाळा सुटल्यावर मी त्या बुटक्या बाकावर बसून पोरीसंग गोष्टी केल्या. घरचे हसले. हसू द्या.

आन् एक दिवस भरल्या वर्गात पोरगी उठली. म्हणे, "मॅडम, मले पाणी प्यायले जायचं."

मॅडम काय म्हणल्या असतील? "मले नाही, मला म्हण!"

सारा वर्ग खदखदा हसला. पोरगी खाली बसली. पाणीही प्याली नाही आन् पुन्हा तोंडही उघडलं नाही.

तिच्या मैत्रिणीनं घरी येऊन हे सांगितलं तसा माह्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, वर्षभरानं शब्द फुटला होता लेकराले! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी मी पोरीले घेऊन थेट वर्गात गेली.

"काऊन हो मॅडम? चूक काढू नका म्हणून बाईनं सांगितलं होतं ना तुम्हाले? लेकरू बोललं ते ऐकू नाही आलं, फक्त 'मले' ऐकू आलं?"

मॅडम मोताळ्याकडच्या, घरची बोली आमचीच, पण शाळेत अगदी पुस्तकासारखं बोलतात. त्या दिवशी साऱ्या वर्गासमोर गडबडल्या.

"आता मले काय माहीत, एवढ्यानं ती गप बसंल म्हणून!"

माह्या पदराआडून बारीक आवाज आला.

"मले नाही, मला म्हणा."

मॅडमचा चेहरा पाह्यण्यासारखा झाला. खरं तर शाबासकी त्यांनी द्यायची होती. पण बाईनं बजावलं होतं, उशीर करायचा नाही. म्हणून तिथंच, मॅडमसमोर, मी मोठ्यानं म्हटलं, "शाब्बास माही वाघीण!"