आडाकडचं गाजरगवत

अक्का गेल्याचा फोन नांदेडला आला, तेव्हा मी पूजेला बसले होते. "मावशी, अक्का गेल्या," एवढंच बोलून तिच्या शेजारची मंगल रडायला लागली... शिरूर अनंतपाळला पोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं, शेवटी तिच्याजवळ कोण होतं? कोणीच नव्हतं. त्याला आता महिना होऊन गेला.

अक्का माझी थोरली बहीण. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जो तो नव्या कचेऱ्यांचं बोलायचा आणि गावात प्यायला पाणी नव्हतं, त्या दुष्काळात दाजी गेले. मूलबाळ नव्हतं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. दर सोमवारी अक्का गावाबाहेर त्यांच्या समाधीवर बेल वाहायला जायची. पुढच्या वर्षी चार सरी पडल्या आणि तिथं छातीएवढं गाजरगवत माजलं. समाधी सापडेना. ग्रामपंचायतीनं तणनाशक फवारायचं ठरवलं, तेव्हा मी अक्काकडे गेले होते; ती मला घेऊन सरपंचांच्या दारात गेली.

"अक्का, एका फवारणीत काम होतंय," सरपंच म्हणाले.

"आन् उताराला आड हाय त्याचं? औषध पाण्यात गेलं म्हंजे? दुसरं पाणी कुठं हाय गावाला?"

"मग उपटणार कोण?"

"मी हाय की."

माणूस भला होता. रस्त्याकडेला फवारू, आडाकडचं तुम्ही बघा, म्हणाला. सुरुवातीला गल्लीतल्या बायकाही आल्या. फूल यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. पण हातांना खाज सुटायची, अंगावर चट्टे उठायचे. एकेक जण यायची थांबली. हात तर अक्काचेही सुजायचे, पण ती चिंध्या गुंडाळून जायची. मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेकायची. तरोटा दाटला की गाजरगवत दबतं. तरी लांबच्या रानांतून बी उडून यायचंच. तिचं काम कधी संपलं नाही.

"नांदेडला चल. एकटी काय करून राहिलीस इथं?" मी दरवेळी म्हणायचे.

"तिथं कुणाशी बोलू गं मी?"

"आणि इथं कुणाशी बोलतेस?"

ती हातांना चिंध्या गुंडाळायला लागायची.

दाजींच्या शेजारीच तिला पुरलं. मग घर आवरताना मागच्या खोलीतली पेटी उघडली. आत जुन्या सतरंजीचे हातमोजे होते. लहानमोठे, दुहेरी टाक्यांनी घट्ट शिवलेले, पुष्कळ. मंगलनं एक हातात घालून पाहिला.

"मावशी, माझा हात आईवर गेलाय. ह्यो तिच्या मापाचा हाय."

तिची आई खाजेमुळेच यायची थांबली होती. कुणाच्या दारात जाऊन 'चला' म्हणणं अक्काला कधी जमलं नाही. पेटीच्या तळाशी एक जोड माझ्याही हाताला नेमका बसला. एकाही मोज्याला माती लागलेली नव्हती.