कल्पिताने दिलेली कायमची परवानगी

आमच्या बाळकुमात कल्पिताचं दुकान आहे. दाखले, फॉर्म, पेन्शनीचे अंगठे, सगळं तिच्याकडे. लग्न होऊन संगमेश्वराकडून आली तेव्हा रस्ता ओलांडायला घाबरायची; आता अर्धं गाव तिच्यापुढे रांग लावतं. मी दुसरीपर्यंतच शाळा पाहिलेली, म्हणून माझे कागदही तीच वाचते. आमच्या बायकांनी मिठागरात हात झिजवले, बोटांवर रेघाच उरल्या नाहीत. कल्पिता ओल्या फडक्याने एकेकीचा अंगठा पुसते, फुंकर घालते, तेव्हा कुठे मशीन ओळख देतं.

त्यामागची गंमत तिनेच मला सांगितलेली. पेन्शनचं पान बाहेरच्या जगातलं, इंटरनेटवरचं; अंगठ्याचं ॲप तिच्या कॉम्प्युटरच्या पोटातलं. मधे ब्राउझर उभा. पानाने हाक मारली की तो आधी विचारतो, "हे पान आतल्या ॲपला बोलावतंय, पाठवू का?"

मी म्हटलं, "म्हणजे दारात परका आला तर नाव-गाव विचारल्याशिवाय सासू सुनेला पुढे करत नाही, तसं."

"अगदी तसंच, आजी!" ती हसली.

पण नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची झुंबड. दर अंगठ्याला ती विचारणारी चौकट यायची आणि म्हातारे करवादायचे, "अगं, आटप की!" शेवटी तिने खूण करून टाकली: कुठल्याही पानाला कायमची परवानगी, परत विचारू नको. रांग भराभर सरकली. आम्हीच तिचं कौतुक केलं.

जानेवारीत शेजारची गोदा तणतणत दुकानात आली. "कल्पे, बँकवाला म्हणतो मी मेले! दाखला पोचलाच नाही म्हणे. मग माझा अंगठा गेला कुठे?"

कल्पिताने शोधलं. बाकीच्यांचे दाखले पोचलेले. गोदाच्या वेळी मात्र घाईत भलतंच पान उघडलेलं. दिसायला सरकारी, होतं कुणा लबाडाचं. त्याने हाक मारली, ब्राउझरने विचारलंच नाही, ॲप निमूट गेलं. आधारचा नंबर, अंगठा, सगळं त्याच्या हाती.

मी तिथेच बाकावर होते. पोरीचं तोंड उतरलं.

"सर्व्हर डाऊन होता, मावशी," ती म्हणाली.

गोदा सरकारला शिव्या घालत गेली. कल्पिता माझ्याकडे बघेना.

"आजी, खरं सांगितलं तर दुकान बसेल."

"बसेल," मी म्हटलं. "आणि नाही सांगितलंस, तर तो अंगठा आणखी कुठेकुठे उठेल?"

तिने आधी ती कायमची परवानगी काढून टाकली. खऱ्या पानाशिवाय कुणीच ॲपला बोलवायचं नाही असं केलं. मग शटर ओढलं आणि गोदाचं घर गाठलं. मी मागोमाग. गोदा बोंबील साफ करत होती. कल्पिताने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, सर्व्हरची थापसुद्धा.

"म्हणजे सरकारला मी फुकट शिव्या घातल्या?" गोदा म्हणाली. हसलं कुणीच नाही. तिने हात धुतले. "चल बँकेत. त्या अंगठ्याला आधी कुलूप घाल."

ठाण्याच्या बँकेत साहेबाने गोदाला विचारलं, "ही मुलगी का तुमची?"

"मुलगी कसली! हिच्यामुळेच तर आलेय."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. कल्पिताची मान खाली.

"हो साहेब, चूक माझी," ती पुटपुटली.

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

मग तिला ते मोठ्याने सांगावं लागलं.